काळा खंड: एका स्कॉट शब्दाचा प्रवास

‘ब्लॅकमेल’ हा शब्द मराठीत आता परका राहिलेला नाही. वृत्तपत्रांतील बातम्यांत, न्यायालयीन युक्तिवादांत, इतकेच काय घरगुती कुरबुरींतही तो सहज येतो. ‘भावनिक ब्लॅकमेल’ असा त्याचा विस्तारही रूढ झाला आहे. वापरणाऱ्याला त्याची फोड विचारली तर बहुधा एकच उत्तर मिळते: ‘ब्लॅक’ म्हणजे काळे आणि ‘मेल’ म्हणजे टपाल. गुपित उघड करण्याची धमकी निनावी पत्रातून येते, म्हणून ते काळे टपाल. ही फोड तर्काला पटणारी असली तरी इतिहासाला पटणारी नाही. टपालाचा ‘मेल’ फ्रेंचमधील पिशवीवाचक शब्दातून आला. ब्लॅकमेलमधील ‘मेल’ हा स्कॉटलंडच्या शेतांतून, कुळांच्या घरांतून आणि जमीनदारांच्या हिशेबवह्यांतून आलेला निराळाच शब्द आहे. त्याच्या मागे गेल्यास एका अपराधवाचक शब्दाची घडण तर दिसतेच, पण मराठी वाचकाला ज्या प्रश्नापासून अंग चोरता येत नाही असा एक प्रश्नही समोर येऊन उभा राहतो.

तो प्रश्न पुस्तकाच्या एका पानावर भेटतो. हेन्‍री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्नेल १८८२ मध्येच निवर्तला होता. ग्रंथाची अखेरची जुळणी वृद्ध यूलने एकट्याने केली. या कोशात ‘चौथ’ या नोंदीखाली अर्थ दिला आहे तो असा: प्रांत लुटीपासून सुरक्षित राहावेत म्हणून मराठे तेथील अधिकाऱ्यांकडून जे ‘ब्लॅकमेल’ वसूल करीत, ती चौथ. शालेय पुस्तकांतून चौथाई आणि सरदेशमुखी हे शब्द अभिमानाने शिकलेला मराठी वाचक येथे दचकतो. आपल्या इतिहासातील एका संस्थेवर कोशकाराने सहज, एका शब्दात, गुन्ह्याचा शिक्का मारला असे त्याला वाटते. त्याचा राग समजण्यासारखा आहे. मात्र तो ज्या शब्दावर रागावतो तो आजचा शब्द आहे. यूलने वापरलेला शब्द कोणता होता, हे आधी पाहिले पाहिजे. यूलचा जन्म १८२० मध्ये एडिंबरोजवळच्या इन्व्हरेस्क येथे झाला. ‘ब्लॅकमेल’ हा त्याच्या कानी परक्या गुन्हेगारांचा नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या मुलखाचा शब्द होता.

‘मेल’ची वाट प्राचीन नॉर्स भाषेतील ‘माल’ या शब्दाकडे जाते. त्याचा अर्थ बोलणे, बोली, करार. दोन माणसांत जे बोलून ठरले ते ‘माल’, आणि ठरल्याप्रमाणे जे द्यावयाचे ते पुढे स्कॉटमध्ये ‘मेल’ झाले. खंडाने कसायला घेतलेल्या शेताला ‘मेलिंग’ म्हणत. चराईबद्दल द्यावयाचा तो ‘ग्रास-मेल’, नाण्यांत द्यावयाचा तो ‘सिल्व्हर-मेल’, नगराने राजाला द्यावयाचा तो ‘बरो-मेल’. या कुटुंबातील एकाही शब्दावर कलंक नाही. ‘मेल’ हा सभ्य शब्द होता. स्कॉट कायद्याच्या परिभाषेत जमिनीच्या उत्पन्नावरील हक्कासंबंधी तो दीर्घकाळ टिकून राहिला.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द शोधायला दूर जावे लागत नाही. तो ‘खंड’. जमीन खंडाने देणे, खंडाने करणे, खंड भरणे हे प्रयोग महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. साखर कारखान्यांकडे गेलेल्या जमिनींच्या निमित्ताने ‘खंडकरी शेतकरी’ हा शब्द राजकारणातही आला. ‘खंड’ म्हणजे तोडून, ठरवून दिलेली रक्कम. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘ठरणे’ आहे: उभयपक्षी बोलून झालेला व्यवहार.

मग या सभ्य शब्दाला ‘काळा’ हे विशेषण कसे चिकटले? याची दोन स्पष्टीकरणे देण्यात येतात. पहिले हिशेबी आहे. चांदीच्या नाण्यांत दिलेला खंड तो पांढरा, आणि धान्य, गुरे वा श्रम यांच्या रूपात दिलेला तो काळा. दुसरे नैतिक आहे: जो खंड घेण्याचा कायदेशीर अधिकार घेणाऱ्याला नाही, तो काळा. पंधराव्या शतकात आयर्लंडमधील इंग्रज वसाहतवाले आपल्या सीमेलगतच्या आयरिश सरदारांना जी रक्कम देत, तिलाही ‘काळा खंड’ याच अर्थाचे नाव होते. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असण्याला आडकाठी नाही. हिशेबाच्या वहीतील रंग नीतीच्या वहीत उतरायला वेळ लागत नाही. मराठीतील ‘काळा पैसा’ हा प्रयोग त्याची साक्ष देईल.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील प्रदेशात, सोळाव्या शतकात, हा शब्द प्रथम गुन्ह्याचे नाव म्हणून कागदावर ठळक होतो. दोन राज्यांतील सततच्या युद्धांनी हा पट्टा वारंवार उद्ध्वस्त झाला होता. सीमेच्या प्रत्येक बाजूला तीन ‘मार्च’ म्हणजे सरहद्द-विभाग होते, त्यांवर ‘वॉर्डन’ नेमलेले होते आणि दोन्ही देशांच्या मामुली कायद्यांहून वेगळा असा सरहद्दीचा कायदाही होता. तरीही आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहॅम, स्कॉट अशा घराण्यांचे घोडेस्वार रात्री निघत आणि पलीकडची, कधी अलीकडचीही, गुरे हाकून नेत. अशा मुलखात ज्याच्या दारी चार गाई आहेत त्याने काय करावे? राजा दूर, वॉर्डन बहुधा एखाद्या घराण्याशी बांधलेला. तेव्हा सर्वांत प्रबळ घराण्याच्या म्होरक्याला वर्षाकाठी ठरलेली रक्कम किंवा धान्य द्यावे. तो स्वतः लुटणार नाही आणि दुसऱ्याने लुटल्यास माल परत मिळवून देईल. हाच ब्लॅकमेल. सरकारचा मेल आणि जमीनदाराचा मेल भरून झाल्यावर उरलेल्यातून भरावयाचा हा तिसरा खंड.

१५३० मध्ये टशिलॉच्या अ‍ॅडम स्कॉटवर ब्लॅकमेल घेतल्याच्या आरोपावरून खटला चालला आणि एडिंबरोत त्याचा शिरच्छेद झाला. लोकपरंपरा निराळे सांगते: पाचव्या जेम्स राजाने त्याला त्याच्याच गढीच्या दाराशी फाशी दिले. कागद आणि आख्यायिका यांतील हा भेद बोलका आहे. कागदाला हवा होता न्यायालयात सिद्ध झालेला अपराध. लोकस्मृतीला त्यात दिसला तो एका सत्तेने दुसऱ्या सत्तेचा तिच्या उंबरठ्यावर केलेला निःपात. चोराला राजा क्वचितच स्वतः येऊन फाशी देतो, प्रतिस्पर्ध्याला देतो.

सीमाप्रदेशातील या अपराधाचे खरे स्वरूप कायद्यांत दिसते. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १५६७ मध्ये आणि पुन्हा १५८७ मध्ये ब्लॅकमेलविरुद्ध कायदे केले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६०१ मध्ये कंबरलंड, नॉर्थंबरलंड, वेस्टमॉरलंड आणि डरॅम या उत्तरेकडील मुलखांपुरता कायदा करून ब्लॅकमेल हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल असे त्यात एक कलम आहे: ब्लॅकमेल घेणारा जसा अपराधी, तसाच तो देणाराही अपराधी. आज ज्याला ब्लॅकमेल केले जाते तो बळी मानला जातो. त्याचे नाव गुप्त ठेवण्याची काळजी न्यायालय घेते. १६०१ मध्ये त्याच्याही गळ्याला दोर होता. का? कारण खंड देणे म्हणजे स्वामित्व मान्य करणे. ज्या शेतकऱ्याने आर्मस्ट्राँगला मेल दिला, त्याने आपला संरक्षक कोण हे सांगून टाकले आणि तो राजा नव्हता. अपराध लुबाडणुकीचा कमी आणि निष्ठा बदलण्याचा अधिक होता. मात्र ज्याला राजाने संरक्षण दिले नाही, त्याने ते दुसरीकडून विकत घेतले म्हणून त्याला राजानेच फाशी द्यावे, हा या कायद्यातील अन्याय नजरेआड करता येत नाही. सर्वांत दुबळ्या माणसाला दोन खंड भरावे लागले आणि शिक्षाही त्यालाच ठरली.

१६०३ मध्ये दोन्ही मुकुट एका मस्तकावर आले आणि सरहद्द ही सरहद्द राहिली नाही. शब्द मात्र मेला नाही; तो उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात गेला. तेथे अठराव्या शतकात रॉब रॉय मॅकग्रेगरच्या नावाभोवती त्याचे दुसरे आयुष्य सुरू झाले. या काळातील व्यवहाराला धंद्याची शिस्त आहे. रॉब रॉयच्या पुतण्याने १७४१ मध्ये मैदानी भागातील जमीनदारांशी केलेला करार पुढे छापला गेला. मॅकग्रेगर हे आडनाव कायद्याने निषिद्ध असल्यामुळे त्याने तो ग्रॅहॅम या नावाने केला आहे. जमिनीच्या आकारणीवर शेकडा ठराविक दराने रक्कम द्यावयाची. चोरीस गेलेली गुरे सहा महिन्यांत परत आणून द्यावयाची, न जमल्यास किंमत भरून द्यावयाची. किरकोळ चोऱ्या जमेस धरावयाच्या नाहीत. एखाद्या विमा कंपनीने लिहावा असा हा दस्त आहे. अशा खाजगी पहाऱ्याला ‘वॉच’ म्हणत. सरकारने १७२५ मध्ये त्याच डोंगरी लोकांतून स्वतःच्या तुकड्या उभारल्या, १७३९ मध्ये त्यांचे पलटणीत रूपांतर केले, आणि त्या पलटणीला रूढ झालेल्या नावातही हाच ‘वॉच’ आहे: ‘ब्लॅक वॉच’. काल जो पहारा बेकायदा होता, त्याची आज राजाने नेमणूक केली. कामात फरक थोडा. शिक्का मात्र बदलला.

वॉल्टर स्कॉटने १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ लिहिली तेव्हा हे जग संपलेले होते. ब्रॅडवर्डिनचा बॅरन बाणेदारपणाने ब्लॅकमेल देणे थांबवतो, त्याच्या दुभत्या गाई रातोरात नाहीशा होतात, आणि त्याची कन्या रोझ इंग्रज नायकाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगते. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रसंगावर क्षणभर थांबावे. आतल्या माणसांना ज्या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती, तो आता बाहेरच्याला समजावून सांगितला जात आहे. जो शब्द आरोपपत्रात होता तो कादंबरीत आला; तेथे त्याला एक रानटी सौंदर्य प्राप्त झाले. युरोपभर स्कॉटचे वाचक झाले आणि ‘ब्लॅकमेल’ हा इंग्रजी वाचकांचाही शब्द झाला. त्याच शतकात शहरी जीवनातील एका नव्या दुष्कृत्याला, म्हणजे बदनामीची भीती घालून पैसे उकळण्याला, नावाची गरज पडली आणि हा शब्द तेथे जाऊन बसला. गुरांच्या जागी अब्रू आली. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने इंग्लंडमध्ये ‘ब्लॅकमेल’ हे अपराधाचे अधिकृत नाव ठरवले. गंमत अशी की खुद्द स्कॉटलंडच्या कायद्यात त्या अपराधाचे नाव ‘ब्लॅकमेल’ नाही. तेथे ‘एक्स्टॉर्शन’ हा लॅटिन वळणाचा शब्द चालतो. शब्दाने ज्या घरात जन्म घेतला त्या घराने त्याला अपराधाची पदवी दिली नाही.

हिंदुस्थानात आलेल्या स्कॉट मंडळींचा या पार्श्वभूमीवर विचार करावा लागतो. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा बॅन्फचा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन मॅल्कम हा एस्कडेलचा, म्हणजे आर्मस्ट्राँगांच्याच जुन्या मुलखातला. स्कॉटला सीमाप्रदेशातील पोवाडे गोळा करण्यात साहाय्य करणारा जॉन लेडन १८०३ मध्ये मद्रासेस आला. या माणसांना घोडेस्वार टोळ्या, डोंगरी गढ्या, गुरांची लूट आणि संरक्षणाचा खंड यांची ओळख पुस्तकी नव्हती; ती त्यांच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट होती. तेव्हा यूल चौथाईला ब्लॅकमेल म्हणतो त्यात तिरस्कार आहेच असे म्हणवत नाही. त्यात ओळखीची खूण आहे. ‘हे आमच्याकडेही होते’ असे तो शब्द सांगतो. पण त्याच्यापुढे एक न उच्चारलेले वाक्यही आहे: ‘आणि आम्ही त्यातून बाहेर आलो.’ ज्याचा भूतकाळ तुमचा वर्तमान ठरवला जातो, त्याला मागासलेपणाचे नाव न घेताही मागे ढकलता येते. कोशातील या शब्दाचा डंख तेथे आहे.

चौथाईच्या स्वरूपाविषयी इतिहासकारांत झालेला वाद या शब्दाच्या छायेत झाला. चौथ ही मराठ्यांची मूळ कल्पनाही नव्हे. दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या राजाला ती देत असत, हे सुरेंद्रनाथ सेन यांनी दाखवून दिले, आणि रामनगर जिंकल्यावर शिवाजीमहाराजांनी तोच हक्क पुढे चालवला. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई शाहूमहाराजांना मिळाली, तिच्या बदल्यात पंधरा हजार स्वारांनिशी बादशाही चाकरीची अट होती. वसुलाची वाटणीही ठरलेली होती: राजाची बाबती, सचिवाचा सहोत्रा, नाडगौडा आणि सरदारांचा मोकासा. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. जदुनाथ सरकारांनी मात्र असे प्रतिपादन केले की चौथ भरल्याने मराठी फौज टळे, इतकेच. परचक्रापासून रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांवर येत नसे. दोघांच्या मांडणीत निकष एकच आहे: पैशाच्या बदल्यात संरक्षण मिळाले काय? मिळाले असेल तर तो खंड, नसेल तर काळा खंड. विचित्र गोष्ट अशी की या निकषावर १७४१ चा मॅकग्रेगर करार ‘काळा’ ठरणार नाही, कारण त्यात भरपाईची हमी आहे. म्हणजे सरकारांनी चौथाईला लावलेला आरोप स्कॉट अर्थाच्या ब्लॅकमेलहूनही कडक आहे.

रानड्यांची तुलना वकिली बचाव म्हणून बाजूला सारता येणार नाही. १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावाने इंग्रजी फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. संरक्षणाचा दर ठरलेला, संरक्षक आणि भीतीचे कारण पुष्कळ अंशी एकच. तरीही कोणत्याही कोशाने तैनाती फौजेखाली ‘ब्लॅकमेल’ हा अर्थ दिला नाही. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९८५ मध्ये युरोपीय राज्यांच्या उभारणीचे विवेचन संघटित गुन्हेगारीच्या भाषेत केले, तेव्हा हाच मुद्दा त्यांनी व्यापक केला: संरक्षण विकणारा टिकून राहिला तर त्याची मागणी कर होते, हरला तर लूट ठरते. अपराधवाचक शब्द बहुधा विजेत्याच्या कोशात जन्म घेतात.

एवढे म्हणून थांबणे मराठी वाचकाला सोयीचे आहे. पण प्रामाणिकपणाचे नाही. नावे विजेते ठेवतात हे खरे असले, तरी खंड भरणाऱ्याचा अनुभव केवळ नावाने निर्माण होत नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या; कलकत्त्याच्या इंग्रजांनी ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खोदला; १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने सालिना बारा लाख चौथ कबूल केली. पण या घटनांची सर्वांत खोल नोंद इंग्रजी कोशात नाही. ती गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त आहे, आणि बंगाली आया आजही बाळाला झोपवताना ज्या बारगीरांचे नाव घेतात, त्या अंगाईत आहे. त्या अंगाईतील माणसाला पडलेला प्रश्न सारा कसा भरावा हाच आहे. तो यूलने शिकवलेला नाही. एस्कडेलच्या शेतकऱ्याचा आणि बर्दवानच्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच होता, आणि त्याला उत्तर देताना ‘त्या काळी सर्वच असे करीत’ हे वाक्य अपुरे पडते.

यूलच्या शब्दाला उत्तर द्यावयाचे तर ते मराठीतील एका शब्दाकडे पाहून द्यावे लागेल. ‘खंड’पासूनच ‘खंडणी’ झाली. बखरींत आणि पेशवे दफ्तरातील पत्रांत खंडणी हा राज्यव्यवहारातील उघड शब्द आहे. संस्थानिकाची खंडणी ठरे, खंडणी तुंबे, खंडणीच्या वसुलीस फौज निघे. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नसे. आज त्याच भाषेत ‘खंडणी’ हे गुन्ह्याचे नाव आहे. बांधकाम व्यावसायिकाला दूरध्वनी येतो, हातगाडीवाल्याकडून दर आठवड्याला पैसे नेले जातात, आणि पोलिसांत तक्रार होते ती ‘खंडणीखोरा’विरुद्ध. हा अर्थापकर्ष कोणा स्कॉट कोशकाराने घडवून आणलेला नाही. तो मराठी बोलणाऱ्यांनी, खंडणी भरणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहिल्यावर, आपणहून केला आहे.

तेव्हा ‘ब्लॅकमेल’ आणि ‘खंडणी’ यांची कुंडली एकच निघते. दोन्हींच्या पोटात ठरवून दिलेल्या रकमेचा सभ्य शब्द आहे. दोन्ही सत्तेच्या वहीतून आरोपपत्राकडे गेले. एकाला वाटेत कादंबरी भेटली, दुसऱ्याला शालेय इतिहास. ‘हॉब्सन-जॉब्सन’मधील ती नोंद पुन्हा वाचताना मराठी वाचकाने तिच्यावर रागवावे की मान खाली घालावी, हा निवाडा शब्दांच्या इतिहासाने करावयाचा नाही. एवढे मात्र तो विचारू शकतो: ज्या शब्दाने आपण आज खंडणीखोराला ओळखतो, तोच बखरीत आला असता आपण कोणाच्या बाजूला उभे राहून वाचतो? घेणाऱ्याच्या, की भरणाऱ्याच्या?